वाचून झालं असं सांगून बसले, आता श्रावणात बोलायचंय

पत्र असं आहे:

काकू, मी गुहागर तालुक्यातली. वय ३६, पतसंस्थेत काउंटरला असते, घरी सासूबाई, हे, दोन मुलं आणि दारची साठेक हापूसची कलमं. शाळेत होते तेव्हा जेवताना पण पुस्तक घेऊन बसायचे. आता गावच्या वाचनालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचक कट्टा असतो, तिथे प्रत्येकाने सध्या काय वाचतोय ते सांगायचं असतं. बाकीचे महिन्याला पाच-सहा पुस्तकं सांगतात. मार्चमध्ये माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं की 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड वाचून झाले. खरं म्हणजे मी पहिल्या खंडात पान १४० वर अडकलेय, तेही दिवाळीपासून. आता ग्रंथपाल मॅडमनी मला श्रावणात त्याच पुस्तकावर अर्धा तास बोलायला सांगितलंय, बोर्डावर नाव पण लावलंय. उशाशी सात पुस्तकं अर्धवट पडलीत, हे म्हणतात आधी ती संपव मग नवीन आण. रात्री पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत हातात मोबाईल येतो. फार थकले की परत 'श्यामची आई'च काढते, कितव्यांदा ते मला पण माहीत नाही. त्यात पाऊस सुरू झाला, कपाटातल्या पुस्तकांना वास यायला लागलाय. मी वाचणारी बाई उरलेय का, की नुसती पुस्तकं जमवणारी? आणि श्रावणातल्या कार्यक्रमाचं काय करू?
– पान १४०

अगं पान १४०,

आधी कार्यक्रमाचं बोलू कारण त्याला तारीख आहे, बाकीचं सावकाश झालं तरी चालेल.

इकडून तिकडून माहिती गोळा करून, कोणाचं तरी परीक्षण वाचून अर्धा तास कसाबसा काढता येईल असं तुझ्या मनात येऊन गेलं असणार. तसं करू नकोस. एक तर कट्ट्यावर ते पुस्तक तीनदा वाचलेलं कोणीतरी आजोबा असतातच, ते अगदी प्रेमाने असं काहीतरी विचारतील की तुझी जीभ टाळ्याला चिकटेल. पण मला त्याहून जास्त काळजी पुस्तकाची आहे. एकदा का तू न वाचता त्यावर बोललीस की पुढे ते कधी हातात घेववणार नाही, कपाटात ते दोन खंड दिसले की त्या दिवसाची आठवण येऊन नजर दुसरीकडे वळेल, आणि इतकं चांगलं पुस्तक तुझ्यापुरतं कायमचं गेलं.

आणि सुट्टी टाकून, रात्री जागून श्रावणापर्यंत दोन्ही खंड संपवायचे हाही बेत नको. तशी वाचलेली पानं डोळ्याखालून जातात आणि आठवड्यात पुसली जातात, परीक्षेच्या आदल्या रात्री केलेला अभ्यास आठव.

उद्या-परवा पतसंस्थेतून सुटलीस की तशीच वाचनालयात जा. मेसेज टाकू नकोस, फोनही नको, समोर उभी राहून सांग, "मॅडम, मी तेव्हा बोलून गेले पण पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही, पहिल्या खंडात १४० पानांवर आहे. तुमची हरकत नसेल तर श्रावणात जेवढं वाचून होईल तेवढ्यावर बोलते." एवढंच. मुलाचं आजारपण, आंब्याचा सीझन, ऑडिट यातलं काही मध्ये आणू नकोस, नाहीतर एक खोटं झाकायला दुसरं बोलल्यासारखं होईल. जाईपर्यंत पोटात गोळा येईल तुझ्या, येऊ दे.

मॅडम रागावतील का? मी २६ वर्षं तालुक्याच्या एका वाचनालयात देवघेव विभागात काढली, त्या टेबलाच्या पलीकडे बसून सांगते, नाही रागावणार. देवघेवीला बसणाऱ्या माणसाला कोण वाचून परत देतं आणि कोण न उघडता, ते पुस्तक हातात आलं की कळतं. न उघडलेल्या पुस्तकाची पानं एकमेकांना धरून असतात, मधे कुठे तिकीट नाही, केस नाही, हळदीचं बोट नाही. निम्मी पुस्तकं तशीच परत यायची आणि आम्ही कधी कुणाला एका शब्दाने बोललो नाही. आमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ यायचे, बोटीवर नोकरी करून रिटायर झालेले, पुस्तक परत देताना दर वेळी न विचारता सांगायचे, "बाई, ऐंशी पानं झाली, फुडं नाय जमला." कधी पन्नास, कधी दोनशे, कधी "सगळा वाचलंय, परत देवू नको वाटत होता." मला अजून वाटतं की आमच्या सगळ्या वर्गणीदारांत त्यांच्याइतकं नीट वाचणारा दुसरा कोणी नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्यांनी "चांगलं आहे" म्हटलेलं पुस्तक मी डोळे झाकून दुसऱ्याला द्यायचे कारण ते खोटं बोलत नसत.

आता राहिला अर्धा तास. १४० पानांवर अर्धा तास बोलता येतं गं, आणि श्रावणापर्यंत अजून शंभर-दीडशे होतीलच. तू का अडकलीस त्याचा मला अंदाज आहे. चार पिढ्यांची गोष्ट आहे, माणसं खूप, कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा पुतण्या हे एकदा डोक्यातून निसटलं की पुढे सगळंच धूसर होतं आणि मग आपण पान उलटतो पण वाचत नाही. एक साधा उपाय सांगते, वहीचा कागद घे आणि पेन्सिलने वंशावळ काढ, नवीन माणूस आला की त्याला फांदी जोड. तो कागद पुस्तकातच ठेव, खुणेचं पण काम होईल. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, पंधरा-वीस पानं मागे जा आणि तिथून धर.

दुसरं म्हणजे हे पुस्तक आपल्या अंगणातलं आहे, श्री. ना. पेंडसे आपल्या दापोलीकडच्या मुर्डीचे, कादंबरी १९८७ ची, आणि तिच्यातलं तुंबाड जगबुडीच्या काठचं. खेडला जाताना हायवेवर जगबुडीचा पूल लागतो ना, पुढच्या वेळी एसटी तिथून जाईल तेव्हा मोबाईल खाली ठेव आणि खिडकीतून नदी बघ. मी बघितली होती भर पावसात, लाल गढूळ पाणी पुलाला लागायला आलेलं, आणि घरी येऊन पुस्तक उघडलं तर वाचण्यात फरक पडला, खरंच पडला.

आणि सासूबाईंना विचार की तुमच्या गावचे खोत कोण होते. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार, पण प्रत्यक्षात गावावर त्याचं राज्यच असायचं. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सलग सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करायचं बिल मांडलं आणि शेवटी १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला. म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या आईवडलांनी हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं असणार, आणि त्यांच्याकडून ऐकलेलं त्यांच्या लक्षात असणार, कोणाच्या दारात चप्पल काढून जावं लागायचं, भाताचा किती वाटा द्यावा लागायचा, वेठीला कोण जायचं. तुझं घराणं खोताच्या बाजूचं होतं की कुळाच्या तेही कळेल आणि त्यावरून तुला ते पुस्तक वेगळं वाटेल. तुझ्या अर्ध्या तासात पुस्तकाची वाचून झालेली पानं आणि सासूबाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी एवढं ठेव. दोन्ही खंड पाठ असलेल्या आजोबांनाही त्या दोन गोष्टी नव्या असतील.

बरं, आता तुझा मोठा प्रश्न, वाचणारी उरलेय का.

एक आठवडा एक काम कर. वहीच्या मागच्या पानावर दिवसभरात डोळ्याखालून जे गेलं ते सगळं लिही. पेपर, मुलाचं परिसर अभ्यासाचं पुस्तक, आंब्यावरच्या फवारणीचं दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक, 'कालनिर्णय'ची मागची पानं. ही मागची पानं तर आपल्याकडे घरातलं प्रत्येक माणूस वाचतं, पुस्तक कधी हातात न धरलेलं सुद्धा, भिंतीवर खिळ्याला लटकलेलं कॅलेंडर उलटं करून मान वाकडी करून उभ्याने वाचलेली पाककृती मी किती जणींच्या घरी बघितलीय, आणि १९७३ साली ते काढणारे जयंत साळगावकर पण आपल्या मालवणचेच. मी काही असं म्हणत नाही की कॅलेंडर वाचलं म्हणजे कादंबरी वाचली. पण वाचायची सवय तुझ्यात जिवंत आहे की मेली ते त्या यादीवरून कळतं, आणि तुझ्या पत्राची भाषा बघून मला आत्ताच कळतंय की ती जिवंत आहे.

महिन्याला पाच-सहा पुस्तकांची भीती मात्र मनातून काढ. कट्ट्यावर सहा सांगणाऱ्यांत एखाद-दुसरे खरंच वाचत असतील, रिटायर झालेली, मुलं मुंबईला असलेली माणसं वाचतात तेवढी, त्यांचा वेळ त्यांचा आहे. बाकीच्यांतले काही जण तुझ्यासारखेच सांगत असतील. तू खरं सांगितलंस ना की बघ, पुढच्या रविवारी आणखी कोणीतरी हळूच म्हणेल की माझं पण अर्धंच झालंय.

'श्यामची आई'बद्दल तू असं लिहिलंयस जणू काही चोरी करतेस. का गं? परत परत वाचणं हे वाचणंच आहे. आणि त्या पुस्तकाची गंमत बघ, साने गुरुजी आपल्या पालगडचे, त्यांनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिलं. पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक लोक नव्वद वर्षं झाली वाचतायत, मग तू ते वीस वर्षं वाचलंस तर काय बिघडलं? त्यात प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, रात्र पहिली, रात्र दुसरी अशा रात्री आहेत, श्याम रोज रात्री बसून सांगतोय आणि बाकीचे ऐकतायत. तुझा हात दमल्यावर त्याच पुस्तकाकडे जातो त्यामागे हे एक कारण असणार, एका रात्री एक रात्र संपते आणि पुढची उद्यावर ठेवता येते. तुझ्या धाकट्याला वाचून दाखव ना रोज एक. (साने गुरुजी १९५० ला गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे हे पुस्तक आता सगळ्यांसाठी मोकळं आहे, तुझी प्रत फाटायला आली असेल तर नेटवरून उतरवून घे आणि ती जुनी जपून ठेव.)

वाचून दाखवण्यावरून आठवलं. तुझ्या सासूबाई पोथी वाचतात का? बहुतेक वाचत असतील, श्रावणात तर नक्कीच. कधी लक्ष देऊन बघ कशा वाचतात. आंघोळ झाली, देवापुढे दिवा लागला, पाटावर बसल्या, पोथीचं फडकं सोडलं, बोट ओळीवर ठेवलं, ठरलेल्या ओव्या ओठातल्या ओठात वाचल्या, पोथी बांधली आणि उठल्या. मूड आहे का, वेळ आहे का, हे त्या स्वतःला विचारत बसत नाहीत. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, किती वाचायचं तेही ठरलेलं. सप्ताहाला बसणारी माणसं सात दिवसांत अख्खी पोथी वाचतात ती याच जोरावर. लोक मला विचारतात वाचायची सवय कशी लावायची, त्यांना मी हेच सांगते की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पोथी वाचताना बघ.

तुझं चुकतंय ते वेळेत चुकतंय असं मला वाटतं. दिवसभर नोटा मोजून, संध्याकाळी भाकऱ्या भाजून, मुलांचा अभ्यास घेऊन रात्री साडेदहाला पाठ टेकल्यावर जाड कादंबरी उघडायची म्हणजे डोळे मिटणारच किंवा हात मोबाईलकडे जाणारच. त्यात तुझा काही गुन्हा नाही. सकाळी दुसरा चहा घेतेस ना, मुलं शाळेत गेल्यावर आणि तू निघायच्या आधी? तो चहा पडवीत घे, पुस्तक आदल्या रात्रीच तिथे ठेवलेलं असू दे, मोबाईल आत चार्जिंगला. आठ पानं. दहा नको, वीस तर नकोच, आठ. आंब्याचे दोन महिने सोडून दे, तेव्हा पेट्या भरायच्या की वाचायचं, उरलेल्या दहा महिन्यांत रोज आठ म्हणजे चोवीसशे पानं होतात. 'तुंबाडचे खोत' पण त्यात बसतं आणि वर आणखी बरंच काही. रात्री मात्र हलकंफुलकं ठेव, दिवाळी अंकातली एखादी कथा, एखादी कविता, तुझी ती एक रात्र.

दिवाळी अंकांना कमी समजू नकोस हां. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून आपल्याकडे निम्मं वाचन त्यांच्यावर चालतं, आणि तुझ्यासारख्या तुकड्या-तुकड्याने वेळ मिळणाऱ्या बाईला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते ती भर, जूनमध्ये सुद्धा मागच्या वर्षीचे अंक धूळ खात पडलेले असतात, मॅडम खुशीने देतील.

ऐकण्याबद्दल तू काही विचारलं नाहीस पण सांगते, आमसुलं घालताना, काजू सोलताना, मासे साफ करताना हात अडकलेले असतात आणि कान मोकळे, तेव्हा मराठी ऑडिओबुक लाव. ते वाचन नव्हे असं म्हणणाऱ्यांना विचार की पोथी ऐकणाऱ्यांना पुण्य मिळत नाही का.

आता उशाशी असलेली सात पुस्तकं. तुझ्या मिस्टरांचं "आधी ती संपव" हे मला पटत नाही, पण "नवीन आणू नकोस" यात थोडं तथ्य आहे, रागावू नकोस. सातही पुस्तकं खाली जमिनीवर मांड आणि प्रत्येकाचं पुढचं एक पान वाच, फक्त एक. वाचून झाल्यावर पान उलटावंसं वाटलं तर ते ठेव. नाही वाटलं तर त्यात खूण असेल ती काढ आणि पुस्तक बंद कर. बंद केलेल्यांत वाचनालयाची असतील ती परत जाऊ देत, तुझी असतील ती ज्याला हवी त्याला दे. सातातली चार तरी जातील असा माझा अंदाज आहे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं पाप लागत नाही. काही पुस्तकं तर चुकीच्या वयात हातात येतात, मी एक कादंबरी पंचविसाव्या वर्षी चाळीस पानांवर टाकली होती आणि बावन्नाव्या वर्षी, आई गेल्यानंतर, दोन दिवसांत संपवली.

विकत घ्यायचं म्हणशील तर त्याला आपली आगोट आहे ना. मिरगाच्या आधी आपण मीठ, सुकट, कुळीथ, पापड, लाकडं भरून ठेवतो कारण पुढे चार महिने बाहेर पडवत नाही, तशीच पुस्तकांची आगोट भर. मे संपता संपता आंब्याचे पैसे हातात असतात तेव्हा दोन पुस्तकं विकत घे, चांगली, मनापासून हवी असलेली, आणि चार वाचनालयातून आण, आणि गणपतीपर्यंत नवीन काही नाही. मिस्टरांना पण हा हिशोब पटेल कारण आगोट त्यांना कळते. या वर्षी आगोट हुकली असली तरी उशाशी उरलेली तीन आहेत तीच समज. पागोळ्या गळत असताना पडवीत बसून वाचण्यासारखं सुख दुसरं नाही, ते सुख आपल्याकडे चार महिने फुकट मिळतं आणि आपण ते मोबाईलला देतो.

वाचनालयातून आण असं मी इतकं म्हणते त्याचं कारण आपल्या किनाऱ्यावर ती परंपराच आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. रेल्वे नव्हती, धड रस्ते नव्हते तेव्हापासून इथली माणसं पुस्तक घरी नेऊन, वाचून किंवा न वाचता, परत आणून देतायत. तुझ्या गावच्या वाचनालयाला सुद्धा वर्गणीदार लागतात, तू नुसती कट्ट्याला जातेस की पुस्तकं पण बदलतेस?

शेवटी तो वास. हे मात्र ताबडतोब करायचं काम आहे. वास म्हणजे बुरशीची सुरुवात. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढ, आपल्या भिंती पावसात आतून ओल्या असतात. खालचा कप्पा रिकामा कर. पुस्तकं गच्च कोंबली असतील तर प्रत्येक ओळीतून दोन-तीन काढ, मधे हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची चूक बरेच जण करतात, त्यात ओल आतच कोंडते आणि पुस्तक शिजल्यासारखं होतं. उघडीप मिळाली की कपाटाची दारं उघडून समोर पंखा लाव. सिलिका जेलच्या पुड्या ठेव, रंग बदलणाऱ्या मिळतात, रंग बदलला की तापवून वाळवून परत वापरता येतात. कडुनिंबाची पानं कसरीसाठी ठेवतेस तर ती कडकडीत वाळलेली हवीत, हिरवी ठेवलीस तर ओल वाढेल. पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नकोस, नाकाला फडकं बांधून अंगणात ने, कोरड्या मऊ ब्रशने काढ, ओल्या फडक्याने अजिबात पुसू नकोस. आणि भिंतीवर मातीची बारीक रेघ वर चढताना दिसली तर ती वाळवी आहे, त्या दिवशी रजा टाक पण ते बघ.

हे मी इतकं पोटतिडकीने सांगते कारण २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात वाशिष्ठीचं पाणी माझ्या गळ्याइतकं चढलं होतं. टिळक स्मारकातही शिरलं, २००५ लाही तिथे शिरलं होतं. माझ्याकडे चारशेच्या आसपास पुस्तकं होती. पाणी उतरल्यावर चिखलातून ती काढली तेव्हा विटांसारखी जड झाली होती. गुळगुळीत कागदाची तर एकमेकांना चिकटून लादी झाली, ती सुटलीच नाहीत. साध्या कागदाची उभी करून, पानं पंख्यासारखी पसरून, मधे मधे कोरे कागद घालून आणि ते दर दोन तासांनी बदलून, सावलीत पंख्याखाली वाळवली, लाईट आल्यावर. साठेक वाचली. न वाचलेली, नवी कोरी, नंतर वाचू म्हणून ठेवलेली किती गेली ते मला आज आठवत पण नाही. रडले मी एका बारक्या पुस्तकासाठी, त्याच्या समासात माझ्या वडलांनी पेन्सिलने ठिकठिकाणी लिहिलं होतं, "इथे थांबलो, दिवे गेले," "इथे थांबलो, बाळ रडतंय." ते बाळ मी.

तेव्हापासून मी पण पेन्सिल घेऊन वाचते आणि जिथे थांबते तिथे तारीख आणि कारण लिहिते. तुझ्या पान १४० वर लिही, दिवाळीत इथे थांबले, आणि काय कारण होतं ते. वाचनालयाची प्रत असेल तर मात्र त्यात नको, वंशावळीच्या कागदामागे लिही.

माझ्या उशाशी सध्या दोन आहेत. एक जुनं प्रवासवर्णन आहे, पान ६२, तिथे परवा शेजारीण आली म्हणून थांबले. दुसरा कवितासंग्रह आहे, तो पुढे सरकत नाही कारण एकच कविता रोज वाचतेय. कट्ट्याला आले असते तर एवढंच सांगितलं असतं.

मॅडमना भेटून आलीस की कळव. आणि सासूबाईंनी खोतांचं काय सांगितलं ते तर सविस्तर कळव, मला वाचायचंय.

– काकू